रक्त किती असावं, हे कुणी ठरवलं?

कसारा, खर्डी, डोळखांब, किन्हवलीपासून सरळगाव, म्हसा, धसई, टोकावड्यापर्यंतच्या आमच्या सगळ्या ताया, मावश्या आणि वहिनींना नमस्कार. हातातलं काम थांबवू नका. तांदूळ निवडत असाल तर निवडत राहा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही एका आकड्याचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला माहुली किल्ला आठवतो. पण आपल्या बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबालाही इतिहास आहे, आणि तो माहीत नसला की नुकसान आपलंच होतं.

गेल्या पावसाळ्यात, लावणी आटोपल्यावर, आमच्या भागात रक्ततपासणीचं शिबिर झालं. त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि मग एकेकीच्या पदराच्या गाठीतून चिठ्ठ्या निघाल्या. पहिली चिठ्ठी एका ताईची होती. हिमोग्लोबिन ९.२. पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना तिला तीनदा थांबावं लागतं. पण चिठ्ठी देणाऱ्यानं तिला सांगितलं होतं, "आपल्याकडच्या बायकांचं एवढंच असतं, नॉर्मल आहे." दुसरी चिठ्ठी पाचवा महिना लागलेल्या एका सुनेची, १०.६. तिच्या घरी सगळे घाबरले होते. तिसरी एका ताईच्या पंधरा वर्षांच्या मुलाची, १२.४. ती खुशीत होती, कारण बारा म्हणजे पास असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं.

तीन चिठ्ठ्या होत्या आणि तिन्हींचा अर्थ आम्हाला नीट सांगता आला नाही. हप्त्याचं व्याज तोंडी सांगणाऱ्या आम्ही, त्या दिवशी गप्प बसलो. मग आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हिमोग्लोबिन म्हणजे काय ते बघू. आपण म्हणतो "रक्त कमी आहे". खरं तर रक्त तेवढंच असतं, त्यातला लाल पदार्थ कमी झालेला असतो. हा पदार्थ म्हणजे एक प्रथिन. डाळी-कडधान्यातून, अंड्या-मासळीतून जी प्रथिनं मिळतात, त्यांच्यापासून शरीर हे स्वतःचं प्रथिन तयार करतं आणि त्यात लोह बसवतं. छातीत घेतलेल्या हवेतला प्राणवायू उचलून तो हातापायांपर्यंत, डोक्यापर्यंत आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचवायचं काम याचं. ते कमी पडलं की दम लागतो, पाय गळून जातात. चिठ्ठीवर ९.२ लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ असतो, १०० मिलिलिटर रक्तात ९.२ ग्रॅम हिमोग्लोबिन.

रक्तात अशी बरीच प्रथिनं आहेत. अल्ब्युमिन आहे, लोह साठवून ठेवणारं फेरिटिन आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रत्येकापुढे दोन आकडे छापलेले असतात, इथपासून इथपर्यंत ठीक. आपल्या ओळखीचं प्रथिन हिमोग्लोबिन, म्हणून आज त्याचीच गोष्ट.

साधारण दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टर डोळ्याची पापणी खाली ओढून, जीभ बघून अंदाज बांधायचे. १८७८ मध्ये लंडनच्या गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी रक्ताचा रंग ठरावीक रंगाशी जुळवून मोजायचं साधन केलं. १९०१ मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञांनी ते सुधारलं. त्यानंतर स्वित्झर्लंडच्या साली नावाच्या डॉक्टरांचं यंत्र आलं. आपल्यातल्या थोड्या मोठ्या बायांना ते आठवेल, कारण आपल्या देशातल्या दवाखान्यांत ते अगदी अलीकडेपर्यंत होतं. काचेच्या नळीत आम्ल, त्यात रक्ताचा थेंब, रंग तपकिरी व्हायचा. मग बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं आणि नळीवरची रेघ वाचायची.

त्या काळी उत्तर ग्रॅममध्ये नसायचं, टक्क्यांत असायचं. मग १०० टक्के म्हणजे काय? हाल्डेन यांनी निरोगी पुरुषांचं रक्त १०० टक्के धरलं. त्या मापानं बायकांचं रक्त सुमारे ११ टक्के कमी भरलं. म्हणजे बाई धडधाकट असली तरी कागदावर ती शंभरला पोचायची नाही. शिवाय प्रत्येक यंत्राचे १०० टक्के वेगळे. एकाचे १०० टक्के म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास, तर दुसऱ्याचे १७ च्या वर. एका दवाखान्यातले ८० टक्के आणि दुसऱ्या दवाखान्यातले ८० टक्के यांचा मेळच बसत नव्हता. गावागावांत पायली वेगळी असली तर भाताचा हिशेब कसा जुळणार? तसंच ते.

आता गोष्ट आपल्या शेजारी येते, मुंबईत. आपल्या शहापूर तालुक्यातलं तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. त्याच पाण्यावर जगणाऱ्या परळ भागात हाफकिन संस्था आहे. १९२८ साली तिथं लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई आल्या. त्यांना बोलावलं होतं मार्गारेट बाल्फोर या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी. मुंबईत बाळंतपणात बाया का दगावतात, याचा शोध चालू होता. बाल्फोर आणि शकुंतला तळपदे यांनी कापडगिरणीत काम करणाऱ्या बायांच्या बाळंतपणाची पाहणी केली, ती १९३० मध्ये छापून आली. विल्स यांच्यापुढे प्रश्न होता तो गरोदर बायांचं रक्त इतकं का उतरतं याचा.

त्यांनी नुसतं रक्त मोजलं नाही. या बाया काय खातात, हेही बघितलं. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध, मांस नव्हतं, त्यांच्यातच हा आजार जास्त दिसला. शोध घेता घेता यीस्टपासून केलेला मार्माईट नावाचा स्वस्त पदार्थ दिल्यावर बाया सुधारताना दिसल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. त्या पदार्थात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ढीगभर पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं फॉलिक आम्ल. आज उपकेंद्रातून गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असतं. मैत्रिणींनो, त्या गोळीची सुरुवात मुंबईच्या गरीब कामकरी बायांच्या रक्तातून झाली आहे. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आता जरा थांबून विचार करा. १९२८ मध्ये कुणी त्या गिरणीवाल्या गरोदर बायांचं रक्त मोजलं असतं, सरासरी काढली असती आणि म्हटलं असतं की मुंबईच्या बायांचं नॉर्मल एवढंच, तर काय झालं असतं? आजारच नॉर्मल ठरला असता. कुणी औषध शोधलं नसतं.

हा फरक आपल्याला पाण्यावरून चटकन कळेल. आपल्या शहापुरात तानसा आहे, वैतरणेवरची धरणं आहेत, भातसा आहे. तरी एप्रिल-मे आला की कितीतरी पाड्यांवर टँकर. दर वर्षी येतो, सगळीकडे येतो. म्हणून टँकर येणं हे बरोबर आहे का? तो नेहमीचा आहे, एवढंच. जे नेहमीचं असतं ते निरोगी असतंच असं नाही.

म्हणून प्रमाण ठरवायचं तर आधी निरोगी माणसं शोधावी लागतात. ताप नाही, पोटात जंत नाहीत, लोहाचा साठा पुरेसा आहे, सिकल सेल नाही, अशी. मग त्यांना वयाप्रमाणे आणि बाई-पुरुष असं वेगळं करायचं, रक्त मोजायचं आणि आकड्यांच्या क्रमानं रांगेत उभं करायचं. समजा शंभर निरोगी बाया रांगेत आहेत. सगळ्यात कमी आकड्याच्या पाच बाया सोडून जिथं रेघ मारली, ती झाली खालची मर्यादा. म्हणजे पाच निरोगी बायाही रेघेखाली जाणारच, हे त्या हिशेबातच धरलेलं असतं. रेघेच्या जरा खाली गेलं म्हणजे आभाळ कोसळत नाही, आणि जरा वर असलं म्हणजे सगळं छान असंही नाही. आकडा आणि माणूस दोन्ही बघावे लागतात.

असं काम मुंबईतही झालं. साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. १९३० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या निरोगी पुरुषांचं आणि बायांचं रक्त तपासून आपल्या लोकांचे आकडे मांडले. परदेशी यंत्रावरचे टक्के आपल्याला का लावायचे, हा प्रश्न त्या काळात आपल्या डॉक्टरांना पडला होता.

पुढे स्वातंत्र्य आलं, जागतिक आरोग्य संघटना आली. १९५८ मध्ये जिनिव्हात तज्ज्ञ बसले आणि सगळ्या जगासाठी रेघा आखल्या. पुरुषाला १४, बाईला १२, गरोदर बाईला १०. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, पुन्हा बसले. पुरुषाची रेघ १३ वर आणली, बाईची १२ वरच ठेवली, गरोदर बाईची ११ वर नेली. हे आकडे आले होते ते मुख्यतः युरोप आणि अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या पाच पाहण्यांमधून. त्यात आपल्या ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी बायांचं रक्त कुठून असणार? पण त्याच आकड्यांवर पन्नास वर्षं जग चाललं. आपल्या सरकारनं १९७० मध्ये लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २०१८ मध्ये ॲनिमिया मुक्त भारत मोहीम आली. आपल्या हातातल्या चिठ्ठीवरचा बारा हा आकडा अशा रस्त्यानं आला आहे.

मग हा आकडा आपल्याला लागू पडतो का? हे बघायला २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांचं मोठं पोषण सर्वेक्षण झालं. त्यात बोट न टोचता शिरेतून रक्त घेतलं. त्याला कारण आहे. बोट जोरात दाबलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. दिल्ली, बेंगळुरू इथल्या डॉक्टरांनी त्यातली १ ते १९ वर्षांची ८,०८७ निरोगी मुलं-मुली निवडून भारतीय रेघ काढली आणि २०२१ मध्ये छापली. ती जागतिक रेघेपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमनं खाली आली. जुन्या रेघेनं शंभरातली ३० मुलं ॲनिमियाची ठरत होती, नव्या रेघेनं ११ च्या आत.

यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. एक बाजू म्हणते, परक्यांची रेघ लावून आपण धडधाकट मुलांना आजारी ठरवतो आणि नको तेवढं लोह देत बसतो. दुसरी बाजू म्हणते, रेघ खाली आणली तर कागदावरचा ॲनिमिया जाईल, अंगातला राहील, आणि सरकार म्हणेल काम झालं. आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. म्हणूनच ही माणसं निरोगी होती हे कशावरून ठरवलं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा सगळं तपासलं. मोठ्या बाईची १२ ची आणि पुरुषाची १३ ची रेघ कायम ठेवली. दोन वर्षांच्या आतल्या बाळांची १०.५ वर आणली. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांना ११, मधल्या तीन महिन्यांना १०.५ आणि शेवटच्या तीन महिन्यांना ११ अशी वेगवेगळी रेघ दिली.

वेगवेगळी का, तेही समजून घेऊ. पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून त्याचं शरीर हिमोग्लोबिन जास्त करतं. जन्मतः ते १६-१७ च्या आसपास असतं. जन्मल्यावर भरपूर हवा मिळते, मग दोन-तीन महिन्यांत ते १०-११ पर्यंत उतरतं. हा आजार नाही, ही निसर्गाची रीत आहे. पुढे मुलगा आणि मुलगी, दोघांचा आकडा वयात येईपर्यंत जवळजवळ सारखाच असतो. ५ ते ११ वर्षांना रेघ ११.५, १२ ते १४ वर्षांना १२, दोघांनाही. नंतर वाटा फुटतात. मुलाच्या अंगात पुरुषी संप्रेरक वाढतं, ते रक्त जास्त बनवायला लावतं. मुलीला पाळी येते, दर महिन्याला लोह जातं. पंधराव्या वर्षापासून त्याची रेघ १३, तिची १२.

गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग ४० ते ५० टक्के वाढतो, लाल पेशी मात्र २० ते ३० टक्केच वाढतात. वरणात पाणी वाढवलं की डाळ तेवढीच असून वरण पातळ दिसतं, तसं. हे पातळ होणं मधल्या महिन्यांत जास्त असतं, म्हणून तिथली रेघ खाली. अल्ब्युमिन हे प्रथिनही त्या काळात याच कारणानं उतरतं.

आता आपल्या तीन चिठ्ठ्या पुन्हा उघडू.

पाचव्या महिन्यातली सून, १०.६. जुन्या रेघेनं थोडी खाली, नव्या रेघेनं वर. आपल्याकडच्या कार्यक्रमात अजून ११ चीच रेघ धरतात, म्हणून सिस्टर तिला सौम्य ॲनिमिया लिहितील. घाबरण्यासारखं काही नाही, पण लाल गोळी चुकवायचीही नाही. ती गोळी चौथ्या महिन्यापासून प्रत्येक गरोदर बाईला आहेच, आकडा कितीही असो.

पंधरा वर्षांचा मुलगा, १२.४. मुलगी असती तर ठीक. मुलगा आहे म्हणून रेघ १३, आणि तो खाली आहे. आईची खुशी आम्हाला मोडावी लागली. पण शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी तो फेकून देत होता, हेही त्यानिमित्तानं कळलं.

आणि आपली ९.२ वाली ताई. आम्ही तिचा आकडा १९५८ च्या रेघेला लावून बघितला, १९६८ च्या लावून बघितला, २०२४ च्या लावून बघितला. मैत्रिणींनो, ती प्रत्येक वेळी खालीच आली. अगदी गरोदर बाईसाठी आखलेल्या सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली. तज्ज्ञांचा वाद असतो तो अर्ध्या-एका ग्रॅमचा, रेघेजवळचा. ९.२ बद्दल कुणाचाच वाद नाही. तिला नॉर्मल म्हणणाऱ्यानं रेघ बघितली नव्हती, आजूबाजूच्या बाया बघितल्या होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बाया १२ च्या रेघेखाली होत्या. पुरुष शंभरातले २२. निम्म्याहून जास्त बाया दमलेल्या असल्या की दमणं हाच बाईचा स्वभाव वाटायला लागतो.

आम्ही तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथं सिकल सेलची तपासणीही करून घेतली. आपल्या आदिवासी पट्ट्यात हे आवश्यक आहे, कारण सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून निघत नाही. तिची ती तपासणी ठीक आली. पाळीत अंगावरून फार जातं, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. त्याचे उपचार सुरू झाले, गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबू पिळून जेवायचं, शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, हे तिला सिस्टरनी समजावलं. डाळ, नाचणी, शेवग्याचा पाला, सुकट आता तिच्याही ताटात पडतं. आधी ते सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलं तर असायचं.

आमच्या गटाच्या नोंदवहीत पूर्वी चार रकाने होते. नाव, बचत, कर्ज, हप्ता. आता पाचवा आखला आहे. त्यात आकडा लिहितो, आणि त्यापुढे तीन गोष्टी. वय किती, गरोदर आहे का, कितवा महिना. या तीन गोष्टींशिवाय आकडा नुसता आकडा असतो. तुमच्या गटातही हा रकाना आखा. आणि "आपल्याकडे एवढंच असतं" असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून विचारा, दादा, ही रेघ कुठली?